हवेत काही करावं लागू नये म्हणून: एअर ॲम्ब्युलन्सवर नव्याने येणाऱ्या डॉक्टर-नर्ससाठी

एअर ॲम्ब्युलन्सवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारं कुणी ना कुणी मला दर महिन्याला भेटतं. कुणी आयसीयूत सिस्टर असते, कुणी १०८ वर डॉक्टर, कुणी नुकताच इमर्जन्सी मेडिसिनचा एमडी झालेला. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: ढगांच्या वर विमान, हातात लॅरिंगोस्कोप (घसा बघून श्वासाची नळी घालायचं उपकरण), समोर शेवटच्या घटका मोजणारा पेशंट. हे चित्र आधी पुसून टाका. पेशंटचा हात धरून मॉनिटर बघत दोन तास बसून राहिलो आणि बाकी काहीच करावं लागलं नाही, ते उड्डाण सगळ्यांत चांगलं झालं असं आम्ही मानतो. हवेत जे करावं लागेल असं वाटतं, ते जमिनीवरच उरकून घ्यायचं. पुढचं सगळं शिक्षण याच एका गोष्टीसाठी आहे.

पायरी १: निघण्याआधी स्वतःला तपासा

आयसीयू किंवा कॅज्युअल्टीत किमान दोन वर्षं रात्रपाळ्या केल्याशिवाय इकडे येऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे मदतीला हाक मारायला शेजारचा वॉर्ड नसतो. बीएलएस, एसीएलएस, पीएएलएस हे जीव वाचवण्याचे (मूलभूत, हृदयाचे, लहान मुलांचे) कोर्स हवेतच; अपघातातल्या जखमींसाठी डॉक्टर असाल तर एटीएलएस, नर्स किंवा पॅरामेडिक असाल तर आयटीएलएस करा. इंट्युबेशनचा, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालण्याचा, हात ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बसवून घ्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना विनंती करून सकाळच्या ऑपरेशनच्या लिस्टला उभं राहा. मागितलं तर ते शिकवतात.

शरीराचंही बघा. हेलिकॉप्टरमध्ये प्रत्येक किलोचा हिशोब होतो, म्हणून बूट आणि बॅगेसकट खरं वजन सांगायचं. तुम्हाला गाडी लागते का, हे आधीच माहीत हवं. आंबा घाट चढताना मागच्या सीटवर बसून, मान खाली घालून पुस्तक वाचून बघा; विमानात तुम्ही तसेच, औषधाचं लेबल वाचत बसणार आहात. उलटीवरच्या गोळीने झोप येते, त्यामुळे ती पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घेऊन बघायची. सर्दी झाली असेल, कान उघडत नसतील, तर त्या दिवशी उडू नका. आणि तारकर्लीला स्कूबा करून आला असाल तर मधे किमान एक अख्खा दिवस जाऊ द्या.

पायरी २: महाबळेश्वरला ट्यूब घेऊन जा

उंचीवर शरीरात काय होतं, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. हाताला कळावं म्हणून मी नव्या मुलांना एक प्रयोग करायला लावते. कफ (टोकाजवळचा फुगा) असलेली एंडोट्रेकियल ट्यूब, म्हणजे श्वासनलिकेत घालायची नळी, घ्यायची, श्वासनलिकेच्या जागी २० मिलीच्या सिरिंजची नळी वापरायची, त्यात कफ फुगवून दाब २५ सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा आणि प्रेशर गेज लावून वाईहून पसरणी घाटाने वर निघायचं. सोबत वेफर्सचं एक बंद पाकीट घ्यायचं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे पोचेपर्यंत पाकीट टम्म फुगतं आणि गेजचा काटा ३० च्या बराच वर गेलेला असतो. त्या ट्यूबच्या जागी पेशंटची श्वासनलिका असती तर तिच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबला असता.

आता हेच विमानात. विमान कितीही उंच गेलं तरी केबिनमधला दाब सहसा ६ ते ८ हजार फुटांवर असावा तसा राखलेला असतो. ८ हजार फुटांवर बंद जागेतली हवा साधारण एक तृतीयांशाने वाढते. कफमधली, आतड्यांतली, छातीत साठलेली, कवटीच्या ऑपरेशननंतर आत राहिलेली, डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये भरलेला गॅस, सगळं वाढतं. म्हणून नाकातून पोटात नळी घालून ती उघडी ठेवायची, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) असेल तर उडण्याआधी छातीत ड्रेन (ती काढणारी नळी) टाकायचा, आणि कफचा दाब चढताना एकदा व उतरताना एकदा गेजने मोजायचा. काही जण कफमध्ये हवेऐवजी सलाइन भरतात. तेही चालतं, पण गेज जवळ असेल तर मी गेजवर विश्वास ठेवते.

दुसरा परिणाम ऑक्सिजनचा. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, ८ हजार फुटांवर ५६५ च्या आसपास. पेशंट खाली ६० टक्के ऑक्सिजनवर असेल तर ६० गुणिले ७६० भागिले ५६५, म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी वर ८० टक्के लागेल. खाली ८० टक्क्यांवर असेल तर हाच हिशोब १०० च्या पुढे जातो, आणि १०० च्या पुढे ऑक्सिजन देता येत नाही. अशा वेळी पायलटशी आधीच बोलायचं: केबिनचा दाब समुद्रसपाटीच्या जवळ ठेवता येईल का? ठेवता येतो, पण विमान खालून उडवावं लागतं, इंधन जास्त जातं, हेलकावे जास्त बसतात, कधी मधे उतरून इंधन भरावं लागतं. हा गुणाकार झोपेतही जमला पाहिजे.

हेलिकॉप्टरमध्ये केबिनचा दाब राखलेलाच नसतो. ऋषिकेशच्या एम्समधून २९ ऑक्टोबर २०२४ ला संजीवनी ही हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स सुरू झाली. ऋषिकेश साधारण साडेतीनशे मीटरवर आहे, केदारनाथ ३५८३ मीटरवर. खाली १०० मिली असलेली हवा तिथे जवळपास १५० मिली होते, तीही काही मिनिटांत. वर राहणाऱ्या माणसाला सवय झालेली असते, पण तुम्ही खालून चढून लगेच काम करायला लागणार. गणित चुकतं, हात मंदावतात आणि आपलं आपल्याला कळत नाही. म्हणून डोस निघण्याआधीच कागदावर लिहून ठेवायचे.

पायरी ३: पंख्याखालची चाल

हे थांबलेल्या हेलिकॉप्टरपाशी शिकायचं आणि अंगवळणी पडेपर्यंत करत राहायचं. फिरणारा टेल रोटर (शेपटीचा पंखा) डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे मागच्या बाजूला कधीही, कुठल्याही कारणाने जायचं नाही. काही हेलिकॉप्टरांत स्ट्रेचर मागच्या दारातूनच आत जातं. तिथे फक्त क्रू सांगेल त्या वाटेने आणि क्रूच्या सोबत जायचं. एरवी समोरून किंवा समोरच्या कोपऱ्यातून, पायलट बघतोय याची खात्री करून आणि त्याने अंगठा दाखवल्यावरच पुढे व्हायचं. जमीन उताराची असेल तर नेहमी उताराच्या खालच्या बाजूने जवळ जायचं आणि त्याच बाजूने बाहेर पडायचं; चढाच्या बाजूला पातं डोक्याच्या उंचीवर येतं. वेग कमी होताना पाती खाली झुकतात, वाऱ्याने आणखी झुकतात, म्हणून इंजिन बंद झालं की धावत सुटायचं नाही.

सलाइनचा स्टँड उभा धरून हेलिकॉप्टरकडे कधीच जायचं नाही. लांब वस्तू आडवी आणि कमरेखाली धरायची. पेशंटवरची चादर, ब्लँकेट, रिपोर्टची फाइल, सगळं पट्ट्यांखाली खोचलेलं हवं. आपल्याकडे हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरतं, अख्खं गाव जमतं आणि पोरं धावत येतात. टँकरने मैदानावर पाणी मारलंय का, टेलच्या बाजूला माणूस उभा केलाय का, ओढण्या-टोप्या-चपला आवरल्या आहेत का, हे विचारायला लाजू नका. पहिले काही महिने पाती पूर्ण थांबल्याशिवाय पेशंट चढवायचा किंवा उतरवायचा नाही, असा नियम स्वतःला घालून घ्या.

पायरी ४: सिलिंडरचा हिशोब

प्रत्येक नव्या माणसाकडून मी हा हिशोब तोंडी करून घेते. बी टाइप सिलिंडरमध्ये १० लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. गेजवरचा बारमधला आकडा गुणिले दहा म्हणजे आतला ऑक्सिजन, ढोबळमानाने लिटरमध्ये. १५० वर काटा असेल तर १५०० लिटर, १०० वर असेल तर हजार. पेशंटला यंत्रासकट मिनिटाला १० लिटर लागतात असं धरा. वेळ मोजायचा तो या हॉस्पिटलच्या खाटेपासून त्या हॉस्पिटलच्या खाटेपर्यंत. उड्डाणाचा वेळ हा त्यातला एक भाग असतो. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, १८०० लिटर. त्याची दुप्पट करा: ३६००. म्हणजे दोन भरलेली बी टाइप सिलिंडरही पुरणार नाहीत.

दुप्पट का, ते मी दुसऱ्या वर्षी शिकले. एका छोट्या विमानतळावर पेशंट आत चढवून आम्ही तयार होतो आणि उड्डाणाला परवानगी मिळेना. पन्नास मिनिटं उन्हात उभे. मी हिशोब फक्त उड्डाणाचा केला होता. काटा खाली येताना बघत बसण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. शेवटी रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सचं सिलिंडर काढून घेतलं. ती ॲम्ब्युलन्स अजून गेली नव्हती म्हणून निभावलं. तेव्हापासून विमान प्रत्यक्ष हवेत गेल्याशिवाय मी ॲम्ब्युलन्स सोडत नाही. लहान विमानतळांचे कामाचे तास ठरलेले असतात, अंधार पडल्यावर अनेक ठिकाणी उतरता येत नाही, हेही निघण्याआधी ऑपरेशन्सच्या माणसाला विचारायचं.

बॅटऱ्यांचाही असाच हिशोब करा. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, सक्शन, प्रत्येकाची बॅटरी किती चालते हे कंपनीच्या पुस्तिकेतून घेऊ नका. स्वतः चालवून, घड्याळ लावून बघा.

पायरी ५: खाटेपाशी घाई करायची नाही

पेशंट घ्यायला गेलात की सगळे घाईत असतात. तिथले डॉक्टर, नातेवाईक, विमानतळावरून फोन करणारा माणूस. तुम्ही मात्र संथ व्हायचं. खाटेपाशी घालवलेला अर्धा तास पुढचे तीन तास सोपे करतो.

सगळ्यांत आधी आपल्या ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवर पेशंट घ्या आणि १५-२० मिनिटं नुसते बघत उभे राहा. जमलं तर त्यावर एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) करा. आयसीयूच्या भिंतीतला ऑक्सिजन, चांगला उजेड आणि चार माणसं हाताशी असताना जो पेशंट आपल्या यंत्रावर टिकत नाही, तो वर कसा टिकेल? ट्यूबवर शंका असेल तर इथेच बदला. पेशंट दमत चाललाय, पुढच्या दोन तासांत इंट्युबेट करावं लागेल असं वाटत असेल, तर आत्ता करा.

मग हात फिरवा. दोन चालू व्हेन (शिरेतल्या सलाइनच्या सुया) हव्यात, त्यातली एक तुम्ही बसणार त्या बाजूला. इनोट्रोप (हृदयाला, रक्तदाबाला आधार देणारी औषधं) गुरुत्वाकर्षणावरच्या ड्रिपवर कधीच नाहीत, सिरिंज पंपावरच. सलाइनच्या बाटलीतली हवा वर गेल्यावर फुगते आणि थेंबांची गती बदलते. काचेची बाटली नको. युरिनची पिशवी रिकामी करा. छातीच्या ड्रेनला पाण्याची बाटली असेल तर हाइमलिश व्हॉल्व्ह (एकाच दिशेने बाहेर सोडणारी झडप) लावा, कारण स्ट्रेचर तिरकं झालं की बाटलीचा भरवसा नाही. हवेची फुगवायची स्प्लिंट काढून साधी लावा. ताजं प्लास्टर असेल तर ते लांबीने कापून सैल केलंय का बघा. पोट फुगलंय का, हात लावून बघा.

सगळ्या नळ्या एकाच बाजूने, एकाच दिशेने बाहेर काढून चिकटवा. मी प्रत्येक नळीला पेशंटजवळ आणि पंपाजवळ अशी दोन लेबलं लावते. विमानात पिवळसर अंधुक उजेडात, हेलकाव्यात, चार सारख्या दिसणाऱ्या नळ्यांतली नॉरॲड्रेनालिनची कुठली हे शोधून बघा, म्हणजे लेबलांचं मोल कळेल.

नातेवाइकांशी बोलायचं काम नव्या मुलांना अवघड जातं. विमान आलं म्हणजे माणूस वाचला, असं घरच्यांना वाटत असतं. त्यासाठी कुणी शेतही विकलेलं असतं. त्यांना बसवून, शांतपणे, त्यांच्या भाषेत सांगायचं: काका, प्रवासात धोका आहे, वाटेत काहीही होऊ शकतं, आम्ही काय काय तयारी केली आहे ती ही. सही त्यानंतर. सोबत येणाऱ्या एका माणसालाही पट्टा कसा लावायचा, कुठे बसायचं, काही झालं तर उठायचं नाही, हे करून दाखवा.

पायरी ६: अरुंद जागेतला सराव

प्रत्यक्ष विमान सरावाला सहज मिळत नाही. आम्ही उभी असलेली ॲम्ब्युलन्स वापरतो. स्ट्रेचरच्या एका बाजूला खोकी रचून वाट अडवायची, हेल्मेट घालायचं, मोठ्या स्पीकरवर इंजिनाचा आवाज लावायचा आणि गुडघ्यावर बसून पुतळ्याला इंट्युबेट करायचं. स्टेथोस्कोप काढून ठेवायचा, कारण हेलिकॉप्टरच्या आवाजात त्याचा उपयोग नसतो. अलार्मही ऐकू येत नाही. मग एक डोळा कायम कॅप्नोग्राफच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राच्या) लाटेवर आणि एक हात पेशंटच्या छातीवर ठेवायची सवय लागते. लाट सपाट झाली की क्रम ठरलेला: ट्यूब सरकली का, तुंबली का, छातीत हवा भरली का, यंत्र बिघडलं का. यंत्रावर शंका आली की आधी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावायची, विचार नंतर.

डोळे बांधून बॅग उघडा. बुजी (ट्यूब आत न्यायची लवचीक काठी) कुठे, सहा नंबरची ट्यूब कुठे, ॲड्रेनालिन कुठे, हे बोटांना माहीत असलं पाहिजे. बॅगेची मांडणी टीममधल्या एकानेही स्वतःच्या सोयीने बदलायची नाही. वापरून झालं की वस्तू परत कप्प्यात आणि झिप बंद. मोकळी राहिलेली कात्री हेलकाव्यात कुणाच्याही चेहऱ्यावर येऊ शकते.

बोलणं छोटं. “ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम देते.” “एक मिलिग्रॅम ऐकलं.” “दिलं.” उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी हेडसेटवर गप्प राहायचं, तो वेळ पायलटचा. हृदयाला विजेचा शॉक द्यायचा असेल तर आधी पायलटला सांगायचं, पॅड चिकटवलेले हवेत, ऑक्सिजनचा झोत बाजूला हवा.

आणि एकदा तरी स्वतः स्ट्रेचरवर झोपा. पट्टे आवळून, डोळे झाकून, सहकाऱ्यांना विमानाच्या अरुंद दारातून तुम्हाला आत चढवू द्या. पाय वर, डोकं खाली असं तिरकं होताना पोटात जो गोळा येतो, तो कळला की पुढच्या वेळी पेशंट बेशुद्ध असला तरी तुम्ही त्याच्या कानाशी वाकून “आता तुम्हाला उचलतोय” असं म्हणाल.

पायरी ७: “नको” म्हणायला शिका

चांगल्या टीममध्ये पायलटला पेशंटबद्दल फार सांगत नाहीत. आत दोन वर्षांचं बाळ आहे हे कळलं तर खराब हवेतही निघायचा मोह होतो. हवामानाचा निर्णय पायलट हवामान बघूनच घेतो. उलट, जायला सगळ्यांचा होकार लागतो आणि थांबायला एकाचा नकार पुरतो. तो एक म्हणजे तुम्हीही, अगदी पहिल्या महिन्यातही. २५ मे २०११ ला पाटण्याहून दिल्लीला पेशंट घेऊन येणारं विमान फरिदाबादमध्ये वस्तीवर कोसळलं. विमानातले सातही जण आणि घरातली तीन माणसं गेली. पेशंटला वाचवायला निघालेली माणसंही त्यात होती. मी हे प्रत्येक तुकडीला सांगते आणि क्षणभर थांबते.

पायरी ८: पाण्याखालचा दिवस

समुद्रावरून उडणार असाल, मुंबई हायच्या (समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या) प्लॅटफॉर्मवरून किंवा जहाजावरून पेशंट आणायचा असेल, तर एचयूईटी केल्याशिवाय पाय ठेवू नका. हे पाण्याखालून हेलिकॉप्टरमधून सुटण्याचं प्रशिक्षण. ओएनजीसीचं असं समुद्रातून वाचण्याचं केंद्र गोव्यात बेतुलला आहे. ६ फेब्रुवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. २८ जून २०२२ ला मुंबई हायजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं तेव्हा आत नऊ जण होते, त्यातले चार वाचले नाहीत.

इंजिन आणि रोटर वर असल्याने पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर बहुधा उलटं होतं. तलावात तुम्हाला सांगाड्यात बांधून तसंच उलटं करतात. नाकात पाणी शिरतं, वर-खाली कळत नाही, हात आपोआप बक्कलकडे जातो. तिथेच चूक होते. आधी एका हाताने खिडकीची चौकट धरायची आणि ती सोडायची नाही. हालचाल पूर्ण थांबू द्यायची. खिडकी ढकलून काढायची. मगच दुसऱ्या हाताने बक्कल सोडायचं आणि धरलेल्या चौकटीच्या दिशेने स्वतःला ओढून बाहेर काढायचं. लाइफ जॅकेट बाहेर आल्यावर फुगवायचं. आत फुगवलं तर छताला, म्हणजे उलट्या हेलिकॉप्टरच्या तळाला, चिकटून राहाल. पहिल्या फेरीत मी घाबरून बक्कल आधी सोडलं आणि भोवंडले. चौथ्या फेरीला हात आपोआप चौकटीवर गेला.

दोराने पेशंट उचलायचं काम आपल्याकडे मुख्यतः कोस्ट गार्ड आणि हवाई दल करतं. स्वित्झर्लंडच्या रेगासारख्या हवाई बचाव सेवांत डॉक्टर स्वतः दोरावरून उतरतात. तुमची गाठ क्वचितच पडेल. तरी एवढं लक्षात ठेवा: खाली येणाऱ्या हुकात स्थिर वीज साठलेली असते, तो जमिनीला किंवा डेकला टेकल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तो जहाजाच्या कशालाही अडकवायचा नाही.

पायरी ९: पहिली उड्डाणं

पहिली दहा उड्डाणं तिसरा माणूस म्हणून करा, असं मी म्हणेन. हातात वही. किती वाजता खाटेपाशी पोचलो, किती वाजता निघालो, सिलिंडरचा काटा दर पंधरा मिनिटांनी कुठे होता, कफचा दाब किती, काय विसरलं. त्या दहा नोंदींतून तुमची स्वतःची यादी तयार होते.

पेशंट सोपवून परत आलात की दमलेले असाल, तरी बॅग त्याच रात्री भरायची. वापरलेली औषधं परत जागेवर, सिलिंडर बदलून काटा वाचलेला, बॅटऱ्या चार्जिंगला, स्ट्रेचर पुसलेलं, पट्ट्यांवरचं रक्त धुतलेलं. मग टीमने, पायलटसकट, दहा मिनिटं बसून बोलायचं: काय नीट झालं, कुठे अडलो. नव्या माणसाने आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांचं ऐकून त्याचं मत बदलत नाही. फोन पहाटे तीनला परत वाजू शकतो, आणि तेव्हा बॅग उचलणारं माणूस दुसरं कुणीतरी असेल.